दोन टनांची गाडी, चार लिटरचे इंजिन

बेंटले हे नाव आज जगभर श्रीमंतीची खूण मानले जाते. पण ज्यांचे हे आडनाव, त्या वॉल्टर ओवेन बेंटले यांच्या हाती ते जेमतेम बारा वर्षे राहिले. १९१९ मध्ये त्यांनी लंडनमध्ये स्थापन केलेली बेंटले मोटर्स ही कंपनी १९३१ च्या जुलैमध्ये बुडाली. त्याआधी दोन महिने, मे १९३१ मध्ये, कंपनीने अखेरची नवी गाडी बाजारात आणली होती. आठ लिटरच्या इंजिनासाठी घडवलेल्या अवजड सांगाड्यात चार लिटरचे इंजिन बसवून ही गाडी तयार करण्यात आली होती. गाडीच्या वजनाला पेलेल असेच इंजिन असले पाहिजे, हे तत्त्व बेंटले यांनी उमेदीच्या काळात कधी सोडले नव्हते. ते सोडण्याची वेळ आली तेव्हा निर्णय त्यांच्या हातात उरला नव्हता.

रेल्वेच्या कारखान्यातील शाळा

बेंटले यांचा जन्म १६ सप्टेंबर १८८८ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात झाला. व्यापारी कुटुंबातील नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात काही वर्षे शिकून सोळाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली आणि १९०५ मध्ये डॉन्कास्टर येथे ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. लहानपणापासून त्यांना वाफेच्या इंजिनाचे वेड होते. ओतकाम, कातकाम, जोडणी अशी सगळी कामे त्यांनी हाताने केली आणि पुढे धावत्या गाडीवर फायरमन म्हणून कोळसाही ओढला.

या पाच वर्षांचा ठसा त्यांच्या मनावर कायम राहिला. रेल्वेचे इंजिन धापा न टाकता, सावकाश पण अफाट ताकदीने शेकडो टन ओढते. इंजिन मोठे असावे, त्याच्यावर ताण कमी पडावा आणि ते वर्षानुवर्षे टिकावे, हा धडा त्यांनी तेथे घेतला. त्यांच्या पुढील मोटारींतही रेल्वे इंजिनाचा हा दमदारपणा उतरला होता. फ्रान्सचे नामवंत मोटार निर्माते एत्तोरे बुगाती यांनी या गाड्यांना वेगवान मालमोटारी म्हणून हिणवल्याचे सांगितले जाते.

पेपरवेटमधून सुचलेली कल्पना

रेल्वेत पुढे वाव नाही हे ओळखून १९१० मध्ये बेंटले लंडनला परतले. एका टॅक्सी कंपनीच्या ताफ्याची देखभाल त्यांनी काही काळ सांभाळली. मोटारसायकलींच्या शर्यतीही केल्या. १९१२ मध्ये भावाच्या भागीदारीत त्यांनी डीएफपी या फ्रेंच मोटारींची विक्री सुरू केली. १९१३ मध्ये ते या कंपनीच्या फ्रान्समधील कारखान्यात गेले असता टेबलावर पिस्टनच्या आकाराचे अॅल्युमिनियमचे एक पेपरवेट त्यांच्या नजरेस पडले. त्या काळी पिस्टन लोखंडाचे असत. अॅल्युमिनियम त्याहून कितीतरी हलके. मात्र उष्णतेत ते टिकणार नाही, असा समज होता. बेंटले यांनी त्यात तांबे मिसळून पिस्टन घडवून घेतले. पिस्टन हलके झाल्याने इंजिन अधिक वेगाने फिरू लागले आणि डीएफपी गाड्यांनी ब्रूकलँड्सच्या शर्यतमार्गावर विक्रम नोंदवले.

पहिले महायुद्ध सुरू होताच त्यांनी ही विद्या सरकारच्या स्वाधीन केली. नौदलाच्या हवाई दलात त्यांची नेमणूक झाली. विमानांच्या इंजिनांत अॅल्युमिनियमचे पिस्टन वापरण्याविषयी त्यांनी रोल्स-रॉईस आणि सनबीम या कंपन्यांच्या अभियंत्यांना मार्गदर्शन केले. सॉपविथ कॅमल या लढाऊ विमानातील क्लर्जे इंजिने तापून बंद पडत असत. बेंटले यांनी अॅल्युमिनियमच्या सिलिंडरांत लोखंडी अस्तर बसवून बीआर-१ हे नवे इंजिन तयार केले. त्यापाठोपाठ अधिक ताकदीचे बीआर-२ आले. या कामाबद्दल त्यांना एमबीई हा किताब मिळाला आणि संशोधकांना बक्षीस देणाऱ्या शाही आयोगाने ८ हजार पौंड मंजूर केले.

युद्ध संपले, पण घरावर आघात झाला. १९१४ मध्ये विवाह झालेल्या त्यांच्या पत्नी लिओनी १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत दगावल्या. त्याच वर्षी बेंटले यांनी स्वतःची मोटार कंपनी उभी केली.

भांडवल तुटपुंजे, उडी मोठी

बेकर स्ट्रीटनजीकच्या एका गल्लीतील जागेत ऑक्टोबर १९१९ मध्ये पहिले इंजिन सुरू झाले. चार सिलिंडर, तीन लिटर क्षमता, प्रत्येक सिलिंडरला चार झडपा आणि दोन स्पार्क प्लग अशी त्याची रचना होती. साध्या मोटारीत असे इंजिन तेव्हा क्वचितच आढळत असे. नोव्हेंबरमध्ये ऑलिंपिया येथील मोटार प्रदर्शनात गाडी मांडण्यात आली. मात्र तेथे ठेवलेले इंजिन आतून पूर्ण नव्हते. पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडायला सप्टेंबर १९२१ उजाडले. या दोन वर्षांत विक्रीतून एक पैसा न येता खर्च मात्र सुरूच राहिला. अंथरूण पाहून पाय पसरावे, हा व्यवहार या अभियंत्याला कधीच जमला नाही.

गाडी मात्र उत्तम निघाली. फ्रान्समधील ल मां येथे १९२३ मध्ये २४ तासांची शर्यत प्रथमच भरली. जॉन डफ आणि फ्रँक क्लेमेंट या जोडीने बेंटले घेऊन तीत चौथा क्रमांक मिळवला. पुढच्याच वर्षी त्यांनी ती जिंकली. एवढी लांब शर्यत म्हणजे मोटारींचा छळ, असे आधी बेंटले यांना वाटत होते. पण २४ तास भरधाव धावून टिकणारी गाडी यापेक्षा मोठी जाहिरात नाही, हे त्यांनी तेथेच ओळखले. तीन लिटरच्या सोळाशेहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

जड बॉडीचे दुखणे

त्या काळी महागड्या मोटारी विकण्याची रीत वेगळी होती. कंपनी इंजिन, चाके आणि सांगाडा एवढेच विकत असे. वरची बॉडी ग्राहक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बांधून घेई. बेंटले यांनी तीन लिटरची गाडी हलक्या, उघड्या बॉडीसाठी आखली होती. प्रत्यक्षात अनेक ग्राहक तिच्या लांब सांगाड्यावर लाकूड, पत्रा, काचा आणि गुबगुबीत आसने असलेली बंद बॉडी चढवू लागले. शर्यतीत विजयी ठरलेली गाडी मग चढावर धापा टाकू लागे.

मोठ्या गाडीला लहान इंजिन बसवले की काय होते, हे समजायला फार गणित लागत नाही. गाडी थांबलेल्या स्थितीतून हलवायला आणि चढावर न्यायला वजनाच्या प्रमाणात ओढ लागते. इंजिनात ती नसेल, तर चालकाला खालचे गिअर वारंवार टाकावे लागतात. इंजिन सतत वरच्या फेऱ्यांवर फिरते, आवाज वाढतो, तापमान वाढते आणि झीजही लवकर होते. लहान इंजिनामुळे इंधन वाचेल ही आशाही बऱ्याचदा फोल ठरते, कारण ते कायम पूर्ण जोरावर चालवावे लागते. बेंटले आपल्या सांगाड्याला पाच वर्षांची हमी देत असल्याने हे दुखणे अखेर त्यांच्याच दारात येत असे.

यावर त्यांनी आपल्या स्वभावाला साजेसा उपाय काढला. ग्राहकाला जड बॉडीच हवी असेल, तर इंजिनच मोठे करायचे. सहा सिलिंडरचे सव्वाचार लिटर इंजिन तयार करून १९२४ मध्ये ते नमुन्याची गाडी फ्रान्समध्ये चाचणीसाठी घेऊन गेले. तेथील रस्त्यावर योगायोगाने रोल्स-रॉईसची अशीच एक गुप्त चाचणी गाडी त्यांना भेटली. दोन्ही गाड्यांची सरळ रस्त्यावर जुंपली आणि दोन्ही तुल्यबळ ठरल्या. आपली गाडी बाजारात येईपर्यंत प्रतिस्पर्धी पुढे गेलेला असेल, हे बेंटले यांनी जाणले. परतताच सिलिंडरचा व्यास ८० वरून १०० मिलिमीटरवर नेण्याचा निर्णय झाला. त्यातून साडेसहा लिटरची गाडी जन्मली. तिचीच पुढची आवृत्ती म्हणजे स्पीड सिक्स.

इंग्लंडमधील करपद्धती या विचाराच्या नेमकी विरोधात होती. १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे वर्षाला एक पौंड कर बसे. ही अश्वशक्ती प्रत्यक्ष ताकदीवरून मोजली जात नसे. सिलिंडरची संख्या आणि व्यास यांवरून ती कागदावर काढली जाई. त्यामुळे अरुंद व्यासाची लहान इंजिने बनवण्याकडे अनेक इंग्रज कारखानदारांचा कल झाला. बेंटले यांनीही आपल्या इंजिनांची धाव लांब ठेवून हा कर काहीसा चुकवला. तरीही कर वाचवण्यासाठी गाडीची ताकद कमी करणे त्यांना मान्य नव्हते.

पैसा दुसऱ्याचा, सत्ताही दुसऱ्याची

१९२६ मध्ये कंपनीची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा वुल्फ बार्नाटो हे मदतीला आले. दक्षिण आफ्रिकेतील हिऱ्यांच्या व्यापारात गडगंज झालेल्या बार्नी बार्नाटो यांचे ते पुत्र. त्यांनी कंपनीत भांडवल घातले आणि अध्यक्षपद घेतले. जुन्या भागधारकांच्या शेअरचे मूल्य नाममात्र उरले. बेंटले स्वतःच्याच कंपनीत पगारदार झाले.

बार्नाटो हे निव्वळ सावकार नव्हते, तर पट्टीचे चालकही होते. १९२८, १९२९ आणि १९३० अशी सलग तीन वर्षे त्यांनी वेगवेगळ्या साथीदारांसह ल मांची शर्यत जिंकली. १९२७ मध्ये मेझाँ ब्लांश येथील वळणावर अपघात होऊनही डेव्हिस आणि बेंजाफिल्ड यांनी मोडकी गाडी पहिली आणली होती. १९२९ मध्ये तर पहिले चारही क्रमांक बेंटलेचे होते. पाच विजयांनी कंपनीचे नाव युरोपभर गाजले, पण या शर्यतींचा खर्च विक्रीच्या नफ्याला झेपणारा नव्हता.

याच काळात टिम बर्किन या चालकाने साडेचार लिटरच्या इंजिनाला सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून भरणारा पंप, जोडण्याचा आग्रह धरला. डोरोथी पॅजेट या धनाढ्य महिलेने त्यासाठी पैसा पुरवला. बेंटले यांचा याला विरोध होता. जास्त ताकद हवी तर इंजिनाची क्षमता वाढवावी. लहान इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबली तर ते टिकणार नाही, असे त्यांचे मत होते. बार्नाटो यांनी बर्किन यांना संमती दिली. १९३० च्या फ्रेंच ग्रां प्री शर्यतीत ही गाडी दुसरी आली, पण ल मांमध्ये ती एकदाही जिंकली नाही. वडीलधारे अभियंते असूनही कंपनीत आपला शब्द अखेरचा नाही, याची बेंटले यांना तेव्हाच प्रचिती आली.

चार लिटरचा तोडगा

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर १९३० च्या ऑलिंपिया प्रदर्शनात, बेंटले यांची आजवरची सर्वांत मोठी गाडी झळकली. ७,९८३ घनसेंटिमीटर क्षमतेच्या या गाडीवर कितीही भारदस्त बंद बॉडी चढवली, तरी ती ताशी १०० मैलांचा, म्हणजे १६० किलोमीटरचा वेग गाठत असे. बेंटले यांचे तत्त्व येथे पूर्णत्वाला गेले. मात्र बॉडीविना नुसत्या सांगाड्याचीच किंमत १,८५० पौंड होती. मंदीत एवढी रक्कम मोजणारे विरळाच. एकूण १०० गाड्या बनल्या.

संचालकांना रोल्स-रॉईसच्या ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह या त्यामानाने स्वस्त मोटारीशी टक्कर देणारी गाडी हवी होती. नवा हलका सांगाडा आखायला वेळ आणि पैसा दोन्ही नव्हते. तेव्हा आठ लिटरचाच सांगाडा थोडा आखूड करून त्यात ३,९१५ घनसेंटिमीटरचे इंजिन बसवण्याचे ठरले. इंजिनाचा आराखडा रिकार्डो या सल्लागार संस्थेकडून घेण्यात आला. बेंटले यांच्या चार झडपांच्या रचनेला त्यात जागा नव्हती. या निर्णयाला त्यांचा विरोध होता. तो मानला गेला नाही.

कागदावर हिशेब आकर्षक होता. आठ लिटरच्या गाडीवर वर्षाला सुमारे ४५ पौंड कर बसे, चार लिटरच्या गाडीवर २७ पौंडांच्या आसपास. सांगाडा १,२२५ पौंडांना मिळत होता. इंजिनाची ताकद १२० अश्वशक्ती, म्हणजे त्या काळी कमी नव्हे. पण नुसता सांगाडाच दीड टनाहून अधिक होता आणि बॉडीसह गाडी दोन टनांच्या पुढे जाई. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असे म्हणतात. येथे सगळे उलटे होते. बाहेरून आठ लिटरच्या गाडीची भव्यता, पण वेग ताशी ८० मैलांच्या आसपास. बेंटले विकत घेणारा ग्राहक ज्या दमदार ओढीसाठी पैसे मोजत असे, तीच या गाडीत नव्हती. जेमतेम ५० गाड्या तयार झाल्या.

कंपनी केवळ या गाडीमुळे बुडाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मंदी, शर्यतींचा खर्च, गहाणखतांचे हप्ते आणि मुळातच अपुरे भांडवल ही कारणे जुनी होती. आठ लिटरच्या गाडीचा अट्टहास खुद्द बेंटले यांचा होता आणि त्या मंदीत तोही परवडणारा नव्हता. अखेर कर्जाचा हप्ता थकला, बार्नाटो यांनी आणखी पैसा घालण्यास नकार दिला आणि जुलै १९३१ मध्ये कंपनीवर रिसीव्हर नेमला गेला. बारा वर्षांत सुमारे ३ हजार गाड्या बनवून क्रिकलवूडचा कारखाना बंद पडला.

नावही गेले

नेपियर ही कंपनी बेंटले मोटर्स विकत घेणार, हे जवळपास ठरले होते. बेंटले यांनी नेपियरसाठी नव्या गाडीचा विचारही सुरू केला होता. ऐनवेळी ब्रिटिश सेंट्रल इक्विटेबल ट्रस्ट या अपरिचित संस्थेने जास्त बोली लावली आणि नोव्हेंबर १९३१ मध्ये सव्वा लाख पौंडांच्या आसपास व्यवहार झाला. या संस्थेमागे रोल्स-रॉईस होती, हे नंतर उघड झाले. आठ लिटरच्या गाडीचे उत्पादन तत्काळ थांबवण्यात आले. बेंटले स्वतः वापरत असलेली आठ लिटरची गाडीही कंपनीच्या मालमत्तेबरोबर गेली. त्याच वर्षी त्यांचा दुसरा विवाहही घटस्फोटाने संपला.

करारामुळे ते रोल्स-रॉईसमध्ये नोकरीला लागले. त्यांच्याकडे गाड्यांच्या चाचण्यांचे काम होते. आराखड्याच्या टेबलाशी त्यांना स्थान नव्हते. १९३३ मध्ये डर्बीच्या कारखान्यातून नवी बेंटले बाहेर पडली. तिच्यात रोल्स-रॉईसचे ३,६६९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते, म्हणजे फसलेल्या चार लिटरपेक्षाही लहान. पण ही गाडी यशस्वी ठरली, कारण तिचा सांगाडा त्याच मापाने हलका आखलेला होता. बेंटले यांनीही पुढे या गाडीची मनमोकळी प्रशंसा केली.

१९३५ मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले. तेथे त्यांनी बारा सिलिंडरची गाडी घडवली. १९३९ मध्ये ल मां येथे या गाड्यांनी तिसरा आणि चौथा क्रमांक मिळवला. दुसऱ्या महायुद्धानंतर आलेल्या नव्या मोटारीला लगोंडा-बेंटले असे नाव द्यायचा कंपनीचा मानस होता. रोल्स-रॉईस न्यायालयात गेली आणि जिंकली. स्वतः आखलेल्या गाडीवर स्वतःचे आडनाव लावण्याची मुभा बेंटले यांना उरली नाही.

तेच इंजिन, हलकी गाडी

लगोंडासाठी त्यांच्या देखरेखीखाली सहा सिलिंडरचे २.६ लिटर इंजिन तयार झाले होते. १९४७ मध्ये उद्योजक डेव्हिड ब्राउन यांनी लगोंडा विकत घेतली, ती मुख्यतः या इंजिनासाठी. लगोंडाच्या ऐसपैस, जड गाडीत हे १०५ अश्वशक्तीचे इंजिन बेताचेच वाटे. ब्राउन यांनी तेच इंजिन १९५० मध्ये अॅस्टन मार्टिनच्या डीबी-२ या कितीतरी हलक्या गाडीत बसवले. १९५१ मध्ये ही गाडी ल मां येथे तिसरी आली. इंजिन लहान की मोठे हा प्रश्न दुय्यम आहे, त्याला ओढायचे वजन किती हे महत्त्वाचे, असे बेंटले पहिल्यापासून मानत आले होते. या दोन गाड्यांनी ते पुन्हा एकदा दाखवून दिले.

उतारवयात बेंटले तिसऱ्या पत्नी मार्गारेट यांच्यासह साधेपणाने राहिले. १९५८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. जुन्या बेंटले जपणारे शौकीन त्यांना आपल्या मेळाव्यांना आदराने बोलावत. १३ ऑगस्ट १९७१ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत रोल्स-रॉईसवरही रिसीव्हर नेमण्याची पाळी आली होती. विमानाच्या नव्या इंजिनावरील खर्च त्या बलाढ्य कंपनीलाही पेलला नव्हता.

१९९८ मध्ये बेंटले मोटर्स जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहाकडे गेली. २००३ मध्ये तिने ल मांची शर्यत पुन्हा जिंकली. २०१२ पासून दोन टनांहून जड असलेल्या काँटिनेंटल जीटी या बेंटलेत चार लिटरचेही इंजिन मिळू लागले. ते कमजोर मात्र नाही, कारण त्यात दोन टर्बोचार्जर हवा दाबून भरतात. बर्किन यांच्याशी झालेल्या वादात बेंटले यांनी जो मार्ग नाकारला होता, त्याच मार्गाने त्यांच्या नावाची जड गाडी आज वेग घेते.